पाजलं म्हणेपर्यंत

सोमवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी नांदेडच्या एका बालविकास तज्ज्ञांनी माझ्या मुलीला ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर असल्याचे सांगितले. श्रावणी तेव्हा पाच वर्षे चार महिन्यांची होती. ती डॉक्टरांच्या टेबलाखाली बसून फरशीच्या फटीवरून बोट फिरवत होती. खोलीत मी आणि माझी पत्नी मनीषा होतो.

ऑटिझम म्हणजे मेंदूच्या घडणीतला जन्मजात वेगळेपणा. तो कावीळ किंवा तापासारखा येऊन जात नाही. बोलणे, आवाज आणि स्पर्श सहन करणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे, ठरलेल्या गोष्टीत बदल स्वीकारणे, या बाबतींत अशी मुले निराळ्या वाटेने जातात. डॉक्टरांनी हे सावकाश समजावले. शेवटी त्या म्हणाल्या, "हिला बरं करायचं नाहीये, समजून घ्यायचंय. यातला फरक घरातल्या प्रत्येकाला कळला पाहिजे."

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतले. आमच्या घरात श्रावणी धरून पाच माणसे आहेत. ते वाक्य माझ्या वहीत राहिले. माझ्या थोरल्या भावाला आणि वहिनीला ते मी कधी वाचून दाखवले नाही. सात महिन्यांनंतर श्रावणीवर शस्त्रक्रिया झाली. ही नोंद त्या सात महिन्यांची आहे. ज्यांच्या घरात असे मूल आहे, त्यांनी ती वाचावी म्हणून लिहिली आहे.

मी चौदा वर्षे हिंगोलीत एका दैनिकाचा वार्ताहर आहे. घर सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला. मनीषा गोरेगावच्या शाळेत शिकवते. दादा मेंढ्या राखतो आणि थोडी कोरडवाहू जमीन कसतो. आम्ही दोघे सकाळी घर सोडतो. मग दिवसभर श्रावणी वहिनीजवळ असते. वहिनीला मूल नाही. श्रावणी तिच्याच कुशीत वाढली.

श्रावणी दीड वर्षाची असताना तिला चार शब्द येत होते. दूध, माय, भू आणि बे. बे म्हणजे मेंढी. दोन वर्षांची होईपर्यंत चारही गेले. नावाने हाक मारली तर ती वळत नसे. नांदेडला तिची बेरा तपासणी झाली. यात झोपलेल्या मुलाच्या डोक्याला तारा लावून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का, ते पाहतात. आवाज पोचत होता. कान चांगले आहेत म्हटल्यावर घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पुढची तीन वर्षे कोणी काही केले नाही.

"आपल्या घरात समदेच उशिरा बोलतेत," वहिनी सांगायची. "भाऊजी चार वर्साचे होईस्तोवर मुकेच होते. आता बघा, पेपरात लिहितेत. लोकं म्हनतेत, याला कोनी गप करा."

श्रावणी बोलत नव्हती, पण ओरडत होती. कुकरची शिट्टी झाली, जीपचा हॉर्न वाजला, ताटात भाताला वरण लागले, रोजच्या वाटेऐवजी दुसऱ्या वाटेने नेले, की ती ओरडायची. याला मेल्टडाऊन म्हणतात. मेंदूला झेपेल त्यापेक्षा जास्त काही आदळले की मूल कोसळते. तो हट्ट नसतो, त्यामुळे रागावून थांबत नाही. गल्लीत तिला भोंगा म्हणत.

निदानानंतर तिसऱ्या आठवड्यात आम्ही हिंगोलीत एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागलो. एकाआड एक गुरुवार. प्रतीक्षेच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या. त्या खुर्च्यांत बसलेले पालक एकमेकांना मुलाचे वय विचारत आणि पुढे काही विचारत नसत.

बाईंनी पहिल्या दिवशी एक वही करायला सांगितली. पानावर तीन रकाने. आधी काय घडले, श्रावणीने काय केले, नंतर काय झाले. त्या म्हणाल्या, "तिचं ओरडणं हेच सध्या तिचं बोलणं आहे. आपण ते वाचायला शिकतोय."

हे काम माझ्या सवयीचे होते. मी वेळेसह नोंदी ठेवू लागलो. दिवसभराचे वहिनीकडून संध्याकाळी विचारून घ्यायचो. पहिल्या आठवड्यात ओरडण्याची सरासरी दिवसाला नऊ होती.

"भाऊजी, पोरीचं वरडनं पेपरात छापून आनता का काय?" वहिनी विचारायची.

"पहिल्या पानावर छाप," दादा म्हणायचा. "फोटो माझ्या काळ्या मेंढीचा लाव. ती भी लई वरडती."

बाईंनी सांगितलेल्या गोष्टी आम्ही केल्या. भिंतीवर दिवसाचा चित्रांचा तक्ता लावला. कुकर परसात नेला. जीपमध्ये बसताना तिच्या कानांवर आवाज अडवणारे जाड हेडफोन आले. वरण वेगळ्या वाटीत गेले. चार महिन्यांत नऊचे चार झाले. त्यातली प्रत्येक घट मला वहीत दाखवता येत होती. कोणत्या बदलामुळे कोणते ओरडणे गेले, ते पहिल्या रकान्यात होते.

सहाव्या महिन्यात आठ दिवसांत चारचे शून्य झाले. पहिला रकाना या वेळी कोरा होता. मी शून्य लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.

इथे मेंढ्यांविषयी सांगावे लागेल.

मेंढी व्यायला लागली की आमच्या घरात आवाज बंद होतो. बिचकलेली मेंढी उठून जाते आणि मग कोकराला अंगाशी घेत नाही. त्यामुळे लहान मुलांना बोलता यायच्या आधी गप्प राहणे शिकवतात. मोठे माणूस हळू आवाजात सांगते, "मेंढी व्यायलीय." मग मुलांनी दोन्ही हात तोंडावर ठेवायचे आणि नाकाने श्वास घ्यायचा. कोकरू उभे राहून आईला लुचले, की तेच मोठे माणूस म्हणते, "पाजलं." तोपर्यंत हात काढायचे नाहीत. मी सात वर्षांचा असताना मधेच शिंकलो होतो. मेंढी उठली. ते कोकरू पुढे बाटलीवर वाढवावे लागले आणि मोठे होईपर्यंत ते माझ्या नावाने ओळखले गेले.

एका दुपारी श्रावणी ओरडत असताना वहिनीने तिला म्हटले, "बाळा, मेंढी व्यायलीय." श्रावणीला कोकरांचे वेड आहे. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि ती गप्प झाली. वहिनीने दुसऱ्या दिवशीही तेच केले. आठ दिवसांनी सांगण्याचीही गरज उरली नाही. ओरडणे आतून वर आले की हात आपोआप तोंडावर जात.

मी ते पाहिले होते. मला ते नोंद घेण्यासारखे वाटले नाही. आमच्या घरातले प्रत्येक मूल तसे बसलेले मी पाहिले होते, मी स्वतः तसा बसलो होतो. उंबऱ्यावर दोन्ही हात तोंडावर ठेवून बसलेल्या श्रावणीचा मी फोटो काढला आणि मोबाइलच्या पडद्यावर लावला.

पुढच्या गुरुवारी मी समुपदेशक बाईंना वही दाखवली. सलग अकरा दिवस शून्य होते. बाईंनी पान उलटले, परत मागे आल्या.

"कशामुळे?"

"आपोआप कमी झालं."

"त्याच्या जागी काय आलं?"

मी म्हणालो, काही नाही, शांत असते.

"ओरडणं थांबलं आणि त्याच्या जागी शब्द, खूण, बोट दाखवणं, काहीच आलं नाही, तर मला काळजी वाटते," त्या म्हणाल्या. "दिवसभर तिच्याजवळ कोण असतं? पुढच्या वेळी त्यांना घेऊन या."

पुढच्या वेळी वहिनी आली नाही. मेंढ्या व्यायला आल्या होत्या, घरी माणूस हवे होते. तिने यावे म्हणून मी फार आग्रहही केला नाही. गल्लीतले लोक आता थांबून कौतुक करत. शेजारच्या म्हाताऱ्याने मनीषाला सांगितले, "सूनबाई, डागदर भारी भेटला तुमाला. भोंगा बंदच केला की."

मंगळवारी सकाळी श्रावणीने भाकरी खाल्ली नाही. दुपारी दोनदा उलटी झाली. वहिनीने ओव्याचे पाणी दिले. संध्याकाळी मी विचारल्यावर तिने सांगितले, "पोट बिघडलं आसंल. पन तकलीफ काही दिली न्हाई लेकरानं. गपच हाय." वहीत मी लिहिले, शून्य.

बुधवारी तिला ताप होता. ती कुशीवर निजून गुडघे पोटाशी ओढून घेत होती. मनीषाने शाळेतून लवकर येऊन तिला गोरेगावच्या डॉक्टरांकडे नेले. मीही पोचलो. दवाखाना भरलेला होता, खोलीच्या दारात ओळखीची चार माणसे उभी होती. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले. श्रावणीने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि छताकडे पाहत राहिली.

"पोटात काही मोठं असतं तर हात लावू दिला नसता, ओरडली असती," डॉक्टर म्हणाले. त्यांनी औषध दिले आणि उद्यापर्यंत उतार पडला नाही तर हिंगोलीला न्यायला सांगितले.

बहुतेक मुलांबाबत हा अंदाज बरोबर ठरला असता. श्रावणीला ऑटिझम आहे, हे आम्ही त्यांना सांगितले नाही. दारातली माणसे ऐकत होती.

गुरुवारी सकाळी सात वाजता वहीत मी लिहिले, शांत, झोपून आहे. साडेसातला मी हिंगोलीला निघालो. दहा वाजून पाच मिनिटांनी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, लेकराचं पोट फळीवानी लागून राहिलंय. हात लावला की डोळे फिरवती."

"ओरडते का?"

"न्हाई. तोंडावर हात हायेत."

दादा आणि वहिनीने तिला जीपमध्ये घालून हिंगोलीला आणले, मनीषा शाळेतून थेट तिथे आली. एक वाजता सोनोग्राफी झाली. पोटावर यंत्र फिरवून आतले अवयव पाहायची ही तपासणी. अहवालात परफोरेटेड ॲपेंडिक्स असे होते. ॲपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेली बोटाएवढी पिशवी. ती सुजते, वेळेत काढली नाही तर फुटते आणि पू पोटात पसरतो. रुग्णवाहिकेने आम्ही चार वाजता नांदेडला पोचलो.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी तिला तपासले आणि आम्हाला बाजूला घेतले. "फुटून बारा तास तरी झाले असावेत. मोठी माणसं हे सहन करत नाहीत. ही ओरडली कशी नाही?"

मनीषा म्हणाली, "ती ओरडत नाही आता."

गेले साडेचार आठवडे हे वाक्य आम्ही अनेकांना सांगत होतो. या वेळी कौतुक झाले नाही. डॉक्टरांनी सहीसाठी कागद पुढे केला. त्यावर जिवाच्या धोक्याचा मजकूर होता. मी तो दोनदा वाचला आणि सही केली.

साडेपाचला तिला आत नेले. बाहेर बाकावर मनीषा, मी, दादा आणि वहिनी होतो. मी समुपदेशक बाईंना फोन केला आणि घडले ते क्रमाने सांगितले. त्यांनी विचारले, "तोंडावर हात कधीपासून ठेवते?" मी मोबाइलच्या पडद्यावरचा फोटो त्यांना पाठवला. दोन मिनिटांनी त्यांचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"हे तिला कोणी शिकवलं?"

मी बाकाकडे पाहिले. वहिनी ऐकत होती.

"म्या शिकीवलं," ती म्हणाली. "मेंढी व्यायलीय म्हनून."

दादाने मान वर केली. "मंग पाजलं कधी म्हनलीस?"

वहिनीने पदर सारखा केला. मग म्हणाली, "मेंढी व्यायलीच न्हवती. पाजलं काहून म्हनू?"

फोन चालू होता. बाईंनी सगळे ऐकले. त्यांनी सांगितले ते असे. अशी काही मुले नियम शब्दशः पाळतात. नियम संपल्याचे सांगितले नाही, तर तो त्यांच्यासाठी संपत नाही. आतला त्रास झाकून बाहेरून चारचौघांसारखे दिसायला शिकणे, याला मास्किंग म्हणतात. ओरडणे गेले, तरी त्रास गेलेला नसतो. घरच्यांना वाटते मूल सुधारले.

सात वाजून वीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. पोट धुतले होते, नळी ठेवली होती. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत, एवढेच ते म्हणाले.

पहिले दोन दिवस ताप उतरला नाही. श्रावणी शुद्धीवर होती. एका हाताला सलाईन असल्यामुळे तिला एकच हात तोंडावर ठेवता येत होता. दुसरा हात नेता येईना म्हणून ती तोंड उशीत खुपसायची. तिला किती दुखते आहे, हे कोणालाच कळत नव्हते. परिचारिका नाडी, श्वास आणि कपाळाच्या आठ्या पाहून अंदाज बांधत.

शनिवारी दुपारी वहिनीला आत सोडले. ती खाटेजवळ खाली बसली आणि हळूच म्हणाली, "पाजलं बाळा. पाजलं. काढ हात."

श्रावणीने तिच्याकडे पाहिले. मग खाटेच्या खाली पाहिले, दाराकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले. हात काढला नाही.

वहिनीने सहा वेळा सांगितले. मग ती बाहेर येऊन जिन्याजवळ उभी राहिली. मनीषा तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तोपर्यंतच्या दोन दिवसांत त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"मला मारा, वैनी म्हनू नका," वहिनी मला म्हणाली. "म्या तिला लोकांच्या बोलन्यातून सोडवायला गेले."

"वही माझी होती," मी म्हणालो.

ताप रविवारी उतरला. नवव्या दिवशी तिला घरी सोडले. कागदावर पथ्य, औषधांच्या वेळा आणि टाके काढण्याचा दिवस होता. डॉक्टरांनी तोंडी सांगितले, आतडी चिकटण्याचा धोका पुढेही राहतो. पोट फुगले, हिरवी उलटी झाली, तर ताबडतोब यायचे. "ती सांगेल, याची वाट पाहू नका."

दादाची एक मेंढी व्यायची राहिली होती. आम्ही घरी आल्यावर बारा दिवसांनी, सकाळी, ती व्यायला बसली. समुपदेशक बाईंना विचारूनच आम्ही श्रावणीला मेंढवाड्यात नेले. ती मनीषाच्या मांडीवर होती, हात तोंडावर. आम्ही चौघांनीही हात तोंडावर ठेवले. कोकरू पडले. मेंढीने ते चाटले. ते दोनदा उठताना कोसळले, तिसऱ्यांदा उभे राहिले. लुचायला पंचवीस मिनिटे लागली.

दादाने सांगायचे नव्हते. वहिनीने सांगायचे, असे ठरले होते. ती म्हणाली, "पाजलं."

श्रावणीने हात खाली घेतले. तिच्या तोंडातून आवाज आला नाही. ती कोकराकडे पाहत राहिली.

पुढच्या गुरुवारी सहापैकी तीन खुर्च्यांवर आम्ही होतो. वहिनी पहिल्यांदाच आली होती. बाईंनी तिला दोष दिला नाही. त्यांनी विचारले, "श्रावणीला काय झालं की काय होतं, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. मला सांगाल का?" वहिनी चाळीस मिनिटे बोलली. त्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी माझ्या वहीत नव्हत्या.

आता घरात काही गोष्टी बदलल्या आहेत. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी लिहितो. डॉक्टर कोणतेही असोत, दारात कोणीही उभे असो, मुलाला ऑटिझम आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचे. मूल जेवले नाही, कुशीवर वळून निजले, नेहमीची खेळणी सोडली, तर त्याला दुखते आहे असे धरून चालायचे. गप्प राहिल्याबद्दल शाबासकी द्यायची नाही. रोज सकाळी वहिनी तिच्यासमोर एक मोठे चित्र धरते. त्यावर मुलीचे शरीर काढले आहे. जिथे दुखते तिथे हात ठेवायचा. आधी वहिनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून ओरडून दाखवते. शेजारचा म्हातारा आता वहिनीला भोंगा म्हणतो.

वहीत चौथा रकाना आला आहे. हात तोंडावर किती वेळा गेले. पहिल्या आठवड्यात एकवीस. दुसऱ्यात सव्वीस. तिसऱ्यात चौदा. चौथ्यात पुन्हा एकोणीस. बाईंनी सांगितले आहे की ही सवय कधी पूर्ण जाईल हे सांगता येत नाही, आणि आजारपणात ती परत येऊ शकते. ओरडण्याच्या रकान्यात पाच आठवडे शून्य होते. त्याखाली मी रेघ मारली नाही.

सहाव्या आठवड्यातली बुधवारची नोंद वहिनीने सांगितली आणि मनीषाने लिहिली. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. मेंढवाड्याच्या दारात पडली. ओरडली, अंदाजे एक मिनिट. हात तोंडावर नव्हते. डावा हात उजव्या गुडघ्यावर होता. गुडघा खरचटला होता.